दोन पंखांचा नट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, ओतकामाच्या कारखान्यातला निवृत्त नमुनेकार, माझ्या राहत्या घराच्या मागच्या कामाच्या खोलीत बसून, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, हे माझे मृत्युपत्र माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. फुप्फुसे नाहीत. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो डोक्याबद्दल आहे, कारण वकीलबाईंच्या म्हणण्याप्रमाणे मृत्युपत्राला फुप्फुसे लागत नाहीत.

नमुनेकार म्हणजे काय, हे पुढे वाचणाऱ्याला माहीत नसेल. लोखंडाची कोणतीही वस्तू ओतायची तर आधी ती जशीच्या तशी लाकडात करावी लागते. ती लाकडी वस्तू मातीत दाबून साचा होतो आणि साच्यात लोखंड ओततात. लाकडात अर्धा मिलीमीटर चुकला तर लोखंडात पाचशे नग चुकतात. मी तेहतीस वर्षे ते काम केले. त्यामुळे गल्लीत मला मिलीमीटर म्हणतात. माझ्यासमोर मिलीमीटरकाका म्हणतात, इतकाच फरक.

सात वर्षांपूर्वी केलेले माझे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात माझ्या धाकट्या भावाला मी काहीही ठेवले नव्हते आणि कारण म्हणून 'त्याला या कामात रस उरलेला नाही' असे लिहिले होते. ते वाक्य खोटे होते. खरे काय ते कलम सहामध्ये येईल. तिथवर पोचायला मला वेळ लागेल, दम लागतो.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या मुलीला. ती एकुलती एक आहे, त्यामुळे यात भांडणाला जागा नाही आणि याचे कोणी नवल करू नये. तिला एकच सांगणे आहे. न्हाणीघराचे दार दमट दिवसांत फुगते आणि चौकटीला घासते. त्या दिवसांत कोणी सुतार बोलावून ते रंधून घेऊ नकोस. हवा कोरडी झाली की ते आपोआप आत जाते, आणि रंधून घेतलेले असले की मग बोटभर फट पडते. लाकडाला थोडे थांबून पाहावे लागते. मी लाकडाच्या बाबतीत थांबायला शिकलो, माणसांच्या बाबतीत नाही, हे तुझ्या आईचे मत होते.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीचे. आकडा लिहीत नाही, तो फार मोठा नाही.

कलम ३. कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराला काहीही देऊ नये. तो माझा तीस वर्षांचा मित्र आहे आणि या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा नियम वकीलबाईंनी सांगितला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. अकरा वर्षांपूर्वी हा माणूस माझा सर्वांत चांगला रंधा 'दहा मिनिटांसाठी' घेऊन गेला आणि दुकानाच्या जुन्या फळीवर त्याने तो चालवला. फळीत खिळा होता. पात्याला जो दाता पडला तो काढायला मला अख्खा रविवार लागला. वर तो म्हणाला, "अहो, खिळा तुमच्या रंध्याला दिसत नाही का?" जुने लाकूड हातात आले की आधी त्यावरून चुंबक फिरवायचा असतो. चुंबक त्याच्याच दुकानात, काउंटरवर, चिठ्ठ्या अडकवायला ठेवलेला होता.

कलम ४. माझी हाताची अवजारे, म्हणजे सहा रंधे, अकरा पटाश्या, चार करवती, दोन गुण्या, नऊ शिकंजे आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेले बाकी सगळे, शनिवारच्या वर्गाला. वर्ग म्हणजे निवृत्तीनंतर माझ्याकडे दर शनिवारी लाकूडकाम शिकायला येणारी मंडळी. सध्या सात जण आहेत. त्यात वकीलबाई आहेत, एक दंतवैद्य आहे, एक निवृत्त बसचालक आहे. दंतवैद्याचा हात सर्वांत हलका. बसचालक प्रत्येक फळी वळणावर घेतल्यासारखी कापतो. अवजारे वाटून घेऊ नयेत, एकत्र ठेवावीत, आणि पुढील गोष्टी मला हजार वेळा विचारल्या आहेत म्हणून शेवटचे एकदा लिहून देतो.

लाकूड आणल्या दिवशी कापू नका. पंधरा दिवस खोलीत पडू द्या, त्याला इथल्या हवेत काय वाकायचे ते वाकू द्या, मग मापे घ्या. रंधा मारण्याआधी फळीच्या कडेला लाकडाच्या रेषा कुठे चढतात ते बघा आणि चढत्या दिशेने मारा. उलटा मारला की लाकूड ओरबाडले जाते आणि मग तुम्ही रंध्याला शिव्या देता. बोथट पटाशीची भीती धरा, धारदार पटाशीची नको. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि ती सटकली की कुठे थांबेल ते सांगता येत नाही. दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे. तेल लावलेल्या कापडाचे बोळे करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपले आपण तापून पेट घेतात. पसरून वाळवा. बाह्या कोपरापर्यंत दुमडा. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका, मोज्याचा धागा धरला गेला की हात सोबत जातो. दंतवैद्याने हे अजून मनावर घेतलेले नाही.

कलम ५. नाकावर फडके बांधा. बाजारात चांगले मुखवटे मिळतात, तेही घ्या. हे कलम मालमत्तेबद्दल नाही हे मला कळते. पण माझ्या मालमत्तेत आता सगळ्यांत जास्त जागा भुशानेच व्यापली आहे, आणि ती जागा छातीत आहे. जाड भुसा खाली पडतो, तो झाडता येतो. बारीक धूळ जी उन्हाच्या तिरिपीत दिसते आणि छान वाटते, ती आत जाते आणि राहते. तेहतीस वर्षे कारखान्यात आणि नंतर इथे मी एकदाही फडके बांधले नाही, कारण ते बांधले की चष्म्यावर वाफ धरते आणि रेघ नीट दिसत नाही. रेघ नीट दिसली. आता तीन पायऱ्या चढलो की बसावे लागते.

कलम ६. खोलीतले गोल करवतीचे यंत्र, त्याचे टेबल, आणि खुद्द ही कामाची खोली वापरण्याचा हक्क, माझ्या धाकट्या भावाला.

का, ते लिहितो. धाकटा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. गावातल्या निम्म्या पाट्यांवर त्याचा हात होता. त्याचे अक्षर असे होते की लोक दुकानात न जाता पाटी बघत उभे राहायचे आणि दुकानदार वैतागायचे. पाट्यांच्या फळ्या तो माझ्याकडे येऊन, याच यंत्रावर कापायचा. यंत्राच्या वर भिंतीवर जी पाटी आहे तीही त्याचीच. काळ्यावर पिवळी अक्षरे: 'गार्ड काढणाऱ्याने नट खिशात ठेवावा. नट खिशात असताना जेवायला जाऊ नये.'

हा नियम माझा होता. गोल करवतीच्या पात्यावर लोखंडी गार्ड असतो, हात पात्याला लागू नये म्हणून. तो दोन पंखांच्या नटाने आवळलेला असतो, बोटांनी फिरवून निघतो. साधे कापताना तो काढायचा नसतो. पण फळीत नुसती खाच पाडायची असेल, पाते आरपार जाऊ द्यायचे नसेल, तर तो काढावा लागतो. काम झाले की लगेच बसवायचा. माणूस हे विसरतो, म्हणून मी ठरवले होते की नट काढणाऱ्याच्या खिशात राहील, टेबलावर नाही. चालताना तो मांडीला टोचतो आणि आठवण राहते. भावाला हा नियम इतका आवडला की त्याने आपणहून तो रंगवून आणला.

एकवीस वर्षांपूर्वी मी बारा खणांच्या एका कपाटाचे काम घेतले होते. खणाचा तळ बसवायला चारही फळ्यांना खाच लागते. मी गार्ड काढला, नट पँटच्या खिशात टाकला, आणि दुपारपर्यंत दहा खणांच्या खाचा पाडल्या. दोन राहिले. आतून जेवायला हाक आली. मी पाटीखालून गेलो, जेवलो, आणि आडवा झालो. पाते वरच ठेवले होते. नट मला टोचला नाही. पँट बदलून मी लुंगी नेसली होती.

चारच्या सुमाराला धाकटा फळी कापायला आला. माझी झोप त्याच्या आवाजाने मोडली. पात्याच्या आवाजाने नाही.

उजव्या हाताची दोन बोटे गेली. अंगठ्याशेजारचे आणि मधले. ज्या दोन बोटांत ब्रश धरतात ती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "मशीनला गार्ड नव्हता का?" मी म्हणालो, "त्याने काढला असेल." त्या 'असेल'वर मी महिनाभर जगलो. नंतर कोणी विचारले की 'त्याने काढला होता' म्हणू लागलो. आणि निवृत्त होऊन शनिवारचा वर्ग सुरू केल्यावर, पहिल्याच दिवशी, नव्या माणसांना यंत्र दाखवताना, पाटीकडे बोट करून मी सांगितले की ही पाटी ज्याने रंगवली त्यानेच ती पाळली नाही. लोक गंभीर झाले. धडा मनात बसला. मग मी तो प्रत्येक नव्या माणसाला सांगितला. किती जणांना, ते आता मोजवत नाही. भावाची बोटे मी चौदा वर्षे शिकवायला वापरली आणि खापरही त्याच्याच डोक्यावर फोडत राहिलो.

भावाने मला कधी काही विचारले नाही. पाट्या बंद झाल्यावर तो गाड्या लावायच्या मैदानावर पावत्या फाडायला लागला. घरी येणे कमी झाले. आला तर बाहेरच्या खोलीत बसायचा, मागे यायचा नाही. मी ठरवून टाकले की त्याला लाज वाटते.

माझी पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. तिचे कपाट आवरताना बटणांचा डबा निघाला. बटणे, हुक, आणि मधोमध एक दोन पंखांचा नट. मी त्या दिवशी जी पँट काढून टाकली होती ती तिनेच धुतली होती. मला वाटत होते तो नट कुठे तरी पडला. नंतर मी गार्ड दुसऱ्या बोल्टने बसवला, जो पान्याशिवाय निघत नाही, आणि सगळ्यांना सांगितले की हे जास्त सुरक्षित आहे. आहेच. पण माझी बायको त्या दिवसानंतर चहा घेऊन कधी या खोलीत आली नाही. पायरीवर ठेवून हाक मारायची. मी समजायचो, तिला धुळीचा त्रास होतो.

म्हणून यंत्र आणि खोली धाकट्याला. ते त्याने विकावे, मोडावे, जाळावे, माझी हरकत नाही. नट कपाटाच्या पहिल्या खणात, बटणांच्या डब्यातच ठेवला आहे. तोही त्याचा. माझ्या मरणानंतर हे कलम त्याला वाचून दाखवावे, अशी मुलीला विनंती.

कलम ७. वरचे कलम मी मागच्या आठवड्यात, सोमवारी लिहिले. मुलगी सध्या माझ्याजवळ राहायला आली आहे. तिने ते वाचले. कागद परत माझ्यासमोर ठेवले. मग म्हणाली, "बाबा, हे काकांना तुम्ही गेल्यावर कळणार?"

मी म्हणालो, "मृत्युपत्र तेव्हाच उघडतात."

"म्हणजे ते चिडले तर कोणावर चिडायचं? फोटोवर?"

मी तिला समजावायला गेलो की तोंडाने सांगायला माझी जीभ रेटत नाही. ती म्हणाली, "दवाखान्यात बरी रेटली होती." तिच्या आईच्या आवाजात म्हणाली. मग तिनेच त्याला फोन केला.

मंगळवारी दुपारी धाकटा आला. बाहेरच्या खोलीत बसला. मी त्याला कलम सहा वाचायला दिले, कारण तोंडाने सांगायची हिंमत शेवटपर्यंत झालीच नाही. तो डाव्या हाताने कागद धरून वाचत होता आणि मी त्याच्या चपलांकडे बघत होतो. वाचून झाल्यावर त्याने कागदांची घडी घातली, कडेला कड जुळवून, आमच्या घरात शिकवली जाते तशी.

तो म्हणाला, "यात एक राहिलंय. मी गार्ड बघितला होता."

मला कळले नाही.

"गार्ड नाही हे मला आल्या आल्या दिसलं. नट टेबलावर नव्हता. म्हणजे तो तुझ्या खिशात. म्हणजे तुझं काम चाललंय, सेटिंग लावलेलं आहे. गार्ड बसवायचा तर पातं खाली घ्यावं लागलं असतं आणि तुझं माप हललं असतं. अर्धा मिलीमीटर जरी हललं असतं तरी तू चार दिवस बोलला असतास. मी म्हटलं, दादाचं लावलेलं कशाला हलवा. एकच तर पातळ फळी कापायची आहे, तेवढ्या पात्यात भागेल."

मला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मुलीने पाणी आणले. मी म्हणालो, "मग तू इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"वहिनी दवाखान्यात आली होती ना, दुसऱ्या दिवशी. तू खाली औषधं आणायला गेला होतास. तिने मला नट दाखवला. म्हणाली, 'यांच्या खिशात होता. ते स्वतः सांगतील, तुम्ही जरा थांबा.' म्हणून थांबलो."

"ती गेली त्याला तीन वर्षं झाली."

"हो. पण तिने थांब म्हटलं होतं. आता पुरे असं तिने कधी म्हटलं नाही."

मी त्याला खोली आणि यंत्र देत असल्याचे पुन्हा सांगितले. तो म्हणाला, "मला मशीन नको, दादा. मी काय करू त्याचं? आणि माफ वगैरे केलं असं मला आज म्हणता येणार नाही, ते तू माझ्याकडून लिहून घेऊ नकोस." मग उठता उठता म्हणाला, "वर्गात माझी गोष्ट सांगतोस म्हणे. चांगली रंगवून सांगतोस असं औषधवाला सांगत होता. शनिवारी मी येतो. माझ्यासमोर सांग."

मी त्या चार दिवसांत काही खाल्ले असेल तर आठवत नाही.

कलम ८. शनिवारी सातही जण आले. धाकटा मागच्या स्टुलावर बसला. एकवीस वर्षांनी तो या खोलीत आला होता आणि सगळ्यांत आधी त्याने स्वतःच्या पाटीकडे पाहिले. पिवळा रंग थोडा उडाला आहे.

मी उभा राहून सुरुवात केली, पण उभे राहणे जमले नाही, बसून सांगितले. खाचा, जेवण, लुंगी, डॉक्टरांचा प्रश्न, माझे उत्तर. सांगायला तेवढा वेळ लागत नाही जेवढा मी लावला. मधे दोन-तीनदा दमासाठी थांबावे लागले. शेवटी मी म्हणालो, "इथे आलेल्या प्रत्येकाला मी उलटं सांगितलं आहे. ज्यांचे नंबर तुमच्याकडे असतील त्यांना कळवा."

बसचालकाने, जो एरवी कधी प्रश्न विचारत नाही, विचारले, "मग पँट बदलताना खिसे नाही का तपासले?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "आम्ही डेपोत गाडी सोडताना चाव्या हातात दाखवायचो. खिशात आहेत असं तोंडाने म्हटलेलं चालायचं नाही." ही सूचना योग्य आहे. वर्गाने नियम बदलावा: नट खिशात नको, दोरी बांधून गळ्यात घालावा. जेवताना ताटावर लोंबेल आणि सगळ्यांना दिसेल. पाटीवरची अक्षरे बदलावी लागतील, ती कोण बदलेल हे माझ्या हातात नाही.

सगळे गेल्यावर मी बटणांचा डबा आणला आणि नट धाकट्याला दिला. मृत्युपत्रातून नाही, हातातून. त्याने तो खिशात टाकला नाही. पान्याने माझा बोल्ट काढला, गार्ड जागेवर धरला आणि तो जुना नट डाव्या हाताने फिरवून बसवला. मधे एकदा तो खाली पडला, भुशात. मी उचलायला वाकलो तर म्हणाला, "राहू दे, तुला दम लागेल." आणि स्वतः शोधून काढला. आवळून झाल्यावर त्याने गार्ड हलवून पाहिला. हलला नाही.

मग त्याने विचारले, "साक्षीदार कोण कोण आहेत?"

मी म्हणालो, औषध दुकानदार आणि वकीलबाईंचा कारकून.

"कारकुनाच्या जागी मी करतो सही."

मी त्याला नियम समजावला, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कलम सहा मग त्याच्यापुरते वाया जाईल. तो म्हणाला, "म्हणूनच." वकीलबाईंना फोनवर विचारले. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले की भावाला हे नीट कळले आहे का. त्याला नीट कळले आहे. या घरात नियम त्याला नेहमीच नीट कळले.

तेव्हा कलम सहामध्ये पुढील बदल करतो. यंत्र, टेबल आणि खोलीच्या वापराचा हक्क शनिवारच्या वर्गाला, अवजारांसोबत. भाडे नाही. खोली झाडून ठेवणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि नाकावर फडके, एवढ्याच अटी. भिंतीवरची पाटी जिथे आहे तिथेच राहील. ती विकू नये, झाकू नये. नव्या माणसाला यंत्र दाखवताना तिच्याखाली उभे राहून ही हकीकत सांगावी, आणि ती सांगताना चूक कोणाची हे पहिल्या वाक्यात सांगावे, शेवटच्या नाही.

माझ्या धाकट्या भावाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. ते माझ्या इच्छेने नाही, त्याच्या इच्छेने.

याची अंमलबजावणी माझ्या मुलीने करावी. तिला कष्ट पडतील, पण फार नाहीत, कारण खोलीतल्या प्रत्येक डब्यावर आत काय आहे ते लिहिलेले आहे. बटणांचा डबा तेवढा रिकामा ठेवला आहे. त्यावर काय लिहावे ते मला सुचले नाही.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि मला मान्य आहे. खाडाखोड सहा ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे केली आहेत. माझी सही दोन्ही साक्षीदारांसमोर केली, त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

ठिकाण: घरामागची कामाची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ९ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळी साडेदहा.

लिहून देणार: (सही) निवृत्त नमुनेकार, ऊर्फ मिलीमीटर.

साक्षीदार पहिला: (सही) औषध दुकानदार, कोपऱ्यावरचे दुकान. रंध्याबद्दलचे कलम अतिशयोक्त आहे, बाकीचे बरोबर असावे.

साक्षीदार दुसरा: (सही, डाव्या हाताने) लिहून देणाऱ्याचा धाकटा भाऊ. सर्व कागद वाचले. कलम सहामध्ये एक दुरुस्ती, दादाला मापात चूक चालत नाही म्हणून करतो: एकवीस वर्षे नव्हेत. एकवीस वर्षे, चार महिने.